चांदीचे अतिसूक्ष्म कण आणि जमिनीतील उपयुक्त जिवाणू



पेरणीचे दिवस जवळ आले की बीजप्रक्रियेची लगबग सुरू होते. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, भुईमूग या पिकांच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणू संवर्धन चोळावे ही शिफारस आपण वर्षानुवर्षे ऐकत आला आहात. अलीकडे मात्र शेतकरी मेळाव्यांत एक नवा प्रश्न कानावर येऊ लागला आहे. "दुकानातून नॅनो सिल्व्हरची बाटली आणली आहे. बुरशी आणि जिवाणू, दोन्हींच्या रोगांवर रामबाण आहे म्हणतात. ती संवर्धनाबरोबरच बियाण्याला लावली तर चालेल का? ठिबकमधून मुळाशी सोडली तर?"

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर 'नाही' असे आहे. परंतु नुसत्या 'नाही'ने कोणाचे समाधान होत नाही. चांदी रोगजंतू कशी मारते हे एकदा समजले, की ती जमिनीत का सोडू नये हेही आपोआप समजेल. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहू.

नॅनो कण म्हणजे काय?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एका भागास एक नॅनोमीटर म्हणतात. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनो कण म्हणतात. तुलनेसाठी पाहा. चिकणमातीचा कण २,००० नॅनोमीटर किंवा त्याहून लहान असतो. जमिनीतील सर्वसाधारण जिवाणू सुमारे १,००० नॅनोमीटर लांबीचा असतो. म्हणजे १० नॅनोमीटरचा चांदीचा कण हा जिवाणूच्या लांबीचा शंभरावा हिस्सा झाला.

कण लहान झाल्याने काय फरक पडतो? एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याला थोडे कमी भरेल. त्याचा पृष्ठभाग फक्त ६ चौरस सेंटिमीटर आहे. याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे बारीक ठोकळे केले तर वजन तेवढेच राहते, पण एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतो. चांदीचे काम पृष्ठभागावरूनच चालते. त्यामुळे घरातील चांदीची वाटी निरुपद्रवी असली, तरी तिच्याच वजनाचे नॅनो कण अतिशय क्रियाशील असतात.

चांदी जिवाणूंना कशी मारते?

चांदीचा जंतुनाशक गुण माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भाजलेल्या जखमांवर लावण्याच्या मलमात चांदीचे संयुग असते. फुलदाणीतील कार्नेशनची फुले जास्त दिवस टिकावीत म्हणून सिल्व्हर थायोसल्फेट वापरतात. तेथे मात्र उपयोग निराळा आहे, कारण ते फुलातील इथिलीन वायूची क्रिया रोखते.

ओलावा आणि हवेतील प्राणवायू मिळाला की चांदीच्या कणाच्या पृष्ठभागावरून चांदीचे विद्युतभारित अणू सुटू लागतात. यांना आयन म्हणतात. हे आयन जिवाणूच्या आवरणाला आणि आतील प्रथिनांतील गंधकयुक्त भागाला घट्ट चिकटतात. विकरे निकामी होतात, श्वसन थांबते आणि जिवाणू मरतो. काही कण आवरणाला चिकटून ते फाडतात. पेशीत अतिक्रियाशील प्राणवायू तयार होऊन आणखी नुकसान होते.

येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच आहे. गंधकयुक्त प्रथिने रोगकारक जिवाणूत असतात, तशीच ती रायझोबियममध्ये आणि ॲझोटोबॅक्टरमध्येही असतात. चांदीला शत्रू आणि मित्र यांतील फरक कळत नाही. पानावर ती रोगजंतू मारत असेल, तर त्याच गुणाने ती मुळाशी आपले कामकरी मारते.

जमिनीतील कामकरी

सुपीक जमिनीच्या एका ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. याशिवाय बुरशी, ॲक्टिनोमायसिटीस, शेवाळ असतात ते वेगळेच. शेणखत कुजविणे, स्फुरद विरघळविणे, हवेतील नत्र स्थिर करणे ही सर्व कामे तेच करतात. त्यांपैकी नत्राच्या कामाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

आपण युरिया टाकतो. त्यावर प्रथम युरिएज विकराची क्रिया होऊन अमोनियम तयार होते. नंतर नायट्रोसोमोनास व त्यासारखे जिवाणू अमोनियमचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. बहुतेक कोरडवाहू व बागायती पिके नत्राचा मोठा भाग नायट्रेटच्या रूपात घेतात.

इतर अनेक जिवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना दुप्पट व्हावयास कित्येक तास, कधी कधी दिवसही लागतात. त्यांच्या जातीही थोड्या आहेत. त्यामुळे त्यांची संख्या एकदा घटली की भरून निघण्यास वेळ लागतो, आणि त्यांच्याऐवजी ते काम करणारेही फारसे कोणी नसते.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात लिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात चांदी मिसळली. चांदीच्या साध्या आयनांनी जिवाणूंची क्रिया सुमारे ४२ टक्क्यांनी घटली, तर सरासरी १४ नॅनोमीटरच्या कणांनी ती सुमारे ८६ टक्क्यांनी घटली. चांदीचे वजन तेवढेच होते, पण नॅनो रूपात मारा दुप्पट झाला.

हा प्रयोग द्रावणातील होता. माती म्हणजे द्रावण नव्हे. मातीत चिकणमाती असते, सेंद्रिय पदार्थ असतात, क्षार असतात. ते चांदीला धरून ठेवतात आणि तिची धार बोथट करतात. म्हणून मातीतील प्रयोगांना जास्त महत्त्व द्यावयास हवे.

असा एक प्रयोग अमेरिकेतीलच ड्यूक विद्यापीठात झाला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या टबांत माती भरून त्यात निरनिराळ्या वनस्पती वाढविल्या. काही टबांत सांडपाण्याचा गाळ टाकला, तर काहींत तोच गाळ चांदीचे नॅनो कण मिसळून टाकला. चांदीचे प्रमाण अगदी कमी, म्हणजे एक किलो मातीस केवळ ०.१४ मिलिग्रॅम होते. तरीसुद्धा नुसता गाळ टाकलेल्या टबांच्या तुलनेत मातीतील सूक्ष्मजीवांचे एकूण वजन सुमारे एक तृतीयांशाने घटले. एका वनस्पतीची वाढही जवळजवळ तेवढीच खुंटली. आठव्या दिवशी मोजले असता चांदीच्या टबांतून नायट्रस ऑक्साइड वायू साडेचार पट जास्त बाहेर पडत होता. हा वायू म्हणजे जमिनीतून हवेत उडून गेलेला नत्रच. हवा तापविण्याच्या बाबतीत तो कर्बवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट प्रभावी आहे.

सर्व जमिनींत परिणाम सारखाच होतो का?

नाही. जमिनीचा पोत आणि सामू यांवर बरेच अवलंबून असते. चिकणमातीचे प्रमाण जास्त असेल तर कण व आयन मातीला चिकटून बसतात. सामू जास्त असेल तर आयन सुटण्याचा वेग मंदावतो. उलट हलक्या, वालुकामय आणि आम्लधर्मी जमिनीत चांदीचा उपद्रव अधिक जाणवतो.

आपल्या राज्यात विदर्भ-मराठवाड्यातील भारी काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर व सामू विम्लतेकडे झुकणारा असतो. नदीकाठच्या रेताड आणि डोंगरउताराच्या हलक्या, मुरमाड जमिनी, तसेच कोकणातील आम्लधर्मी जमिनी या बाबतीत अधिक नाजूक समजाव्यात. परंतु काळ्या जमिनीत चांदी चालते असा अर्थ कोणी काढू नये. तेथे ती केवळ धरून ठेवली जाते, नाहीशी होत नाही. कीडनाशकांतील बरीच सेंद्रिय रसायने कालांतराने विघटित होतात. चांदी हे मूलद्रव्य आहे. तिचे विघटन होत नाही. जमिनीत जेवढी टाकाल तेवढी साठत जाते.

चांदी शेतात येते कोठून?

पहिला मार्ग आपल्या हातातील आहे, तो म्हणजे बीजप्रक्रिया, फवारणी, आळवणी व ठिबक. दुसरा मार्ग शहरातून येतो. दुर्गंधी येऊ नये म्हणून काही मोजे व कपडे चांदीच्या कणांनी प्रक्रिया केलेले असतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या २००८ सालच्या अभ्यासात असे मोजे पाण्यात धुतले असता काही मोज्यांतील जवळजवळ सर्व चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली. हे पाणी गटारात जाते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात चांदीचा बहुतेक भाग गाळात उतरतो आणि तेथील गंधकाशी संयोग होऊन चांदीचे सल्फाइड बनते. सल्फाइड पाण्यात अत्यंत कमी विरघळते, म्हणून ते बरेच कमी घातक असते. तेवढा दिलासा आहे. मात्र प्रक्रिया न केलेले सांडपाणी शेतीला देणे, किंवा गाळ वर्षानुवर्षे त्याच शेतात टाकणे, हे इतर जड धातूंप्रमाणेच चांदीच्याही दृष्टीने योग्य नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी शिसे, कॅडमियम, पारा इत्यादी धातूंच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत, पण त्या यादीत चांदी नाही. म्हणून खात्रीच्या ठिकाणचेच कंपोस्ट घ्यावे.

थोडा हिशेब करू

एका बाटलीने जमीन नासते का, असे कोणी विचारील. त्याचा प्रामाणिक हिशेब मांडू या.

एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन ढोबळमानाने ९ लाख किलो असते. समजा, बाटलीवर १,००० पीपीएम चांदी असे लिहिले आहे. म्हणजे एका लिटरमध्ये १ ग्रॅम चांदी. ही एक लिटरची बाटली पूर्ण एकरात सारखी पसरली तर किलो मातीमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या आसपास चांदी पडेल. हे प्रमाण ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगातील प्रमाणापेक्षा शंभराहून अधिक पटींनी कमी आहे. तेव्हा एखादी फवारणी करून बसला असाल तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता तीच बाटली ठिबकमधून सोडली असे धरू. ठिबकने साधारण एक दशांश क्षेत्र भिजते असे माना, आणि चांदी वरच्या ५ सेंटिमीटर थरातच अडकली असे समजा. मग ती फक्त ३० हजार किलो मातीत बसली. किलोमागे ०.०३३ मिलिग्रॅम झाली. अशा चार बाटल्या सोडल्या की प्रमाण ०.१३ मिलिग्रॅमवर जाते. म्हणजे प्रयोगात ज्या प्रमाणात सूक्ष्मजीव घटले, त्याच्या अगदी जवळ आपण पोहोचलो. आपली जमीन वेगळी असल्याने परिणाम तंतोतंत तेवढाच होईल असे नाही. परंतु ही चांदी नेमकी मुळांच्या सभोवती, म्हणजे जेथे उपयुक्त जिवाणूंची सर्वाधिक गर्दी असते तेथेच साठते. बियाण्यावर तर प्रश्नच नको. तेथे संवर्धनातील जिवाणू आणि चांदीचे कण एकमेकांना चिकटूनच बसतात.

नेहमी येणाऱ्या काही शंका

शंका : निंबोळीयुक्त युरियासुद्धा नायट्रीकरण मंद करतो. मग चांदीनेच काय बिघडते?

उत्तर : प्रश्न योग्य आहे. देशात २०१५ पासून सर्व युरिया निंबोळीयुक्त करण्यात आला, तो नत्र सावकाश मिळावा म्हणूनच. परंतु निंबोळीतील घटक काही काळ काम करून कुजून जातात. चांदी जात नाही. शिवाय निंबोळीचा रोख मुख्यतः अमोनियमचे रूपांतर रोखण्याकडे असतो. चांदी मात्र नत्र स्थिर करणारे, स्फुरद विरघळविणारे, शेणखत कुजविणारे अशा सर्वांनाच धरते.

शंका : बाटलीवर 'कडुलिंबाच्या पाल्यापासून तयार केलेली जैविक नॅनो चांदी' असे लिहिले आहे. ती तरी निर्धोक असेल?

उत्तर : पाल्याचा अर्क चांदीच्या क्षारापासून कण तयार करण्यासाठी वापरलेला असतो. पद्धत वनस्पतीची असली तरी कण चांदीचेच असतात. ते जिवाणूंना मारतात म्हणूनच ते विकले जातात. 'जैविक' या शब्दाने त्यात फरक पडत नाही.

शंका : मग नॅनो युरियाही वापरू नये काय?

उत्तर : दोन्हींची गल्लत करू नये. २०२१ साली बाजारात आलेला नॅनो युरिया हे नत्राचे खत आहे. त्यात चांदी नसते. त्याचे फायदे-तोटे हा वेगळा विषय आहे. 'नॅनो' हा शब्द कणाचा आकार सांगतो. कण कशाचा आहे हे लेबलवर वाचावे.

काय करावे, काय टाळावे?

१) रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू, ट्रायकोडर्मा किंवा सुडोमोनास यांपैकी कोणतेही संवर्धन चांदीयुक्त द्रावणात मिसळू नये. त्याच भांड्यात, त्याच पंपात एकापाठोपाठ वापरू नये.

२) कडधान्ये, भुईमूग व सोयाबीनच्या बियाण्यास चांदीची प्रक्रिया करू नये. बुरशीनाशकाची शिफारस असेल तर आधी बुरशीनाशक, मग गरज असल्यास कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धन हा क्रम पाळावा. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.

३) चांदीयुक्त द्रावणाची आळवणी करू नये व ते ठिबकमधून सोडू नये.

४) खरेदीपूर्वी लेबल नीट वाचावे. रोगावर औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर कीटकनाशक कायदा, १९६८ खालील नोंदणी क्रमांक, पिकाचे व रोगाचे नाव आणि मात्रा असावयास हवी. ती नसेल तर बाटली परत ठेवावी. पक्की पावती मागण्यास संकोच करू नये.

५) फवारणीचे उरलेले द्रावण व पंप धुतलेले पाणी विहिरीत, शेततळ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नये. उकिरड्यातील जिवाणूच आपले शेणखत तयार करतात.

६) पूर्वी अशी उत्पादने वापरली असतील तर चांगले कुजलेले शेणखत, गांडूळखत व हिरवळीचे खत द्यावे. सेंद्रिय पदार्थ चांदीचे आयन धरून ठेवतात आणि जिवाणूंना खाद्यही पुरवितात. पुढील हंगामात जिवाणू संवर्धन न चुकता वापरावे.

७) आम्लधर्मी जमिनीत माती परीक्षण करून शिफारशीप्रमाणे चुना द्यावा.

आपल्या शेतातच परीक्षा घ्या

जमिनीतील जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचे काम दिसते. त्यासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा मुळांवरील गाठींची. सोयाबीन ३५ ते ४५ दिवसांचे झाले की शेताच्या वेगवेगळ्या भागांतून आठ-दहा झाडे खुरप्याने मातीसकट अलगद काढावीत. उपटू नयेत, गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात बुडवून माती सोडवावी, गाठी मोजाव्यात आणि काही गाठी नखाने फोडाव्यात. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली तर ती गाठ नत्र स्थिर करीत आहे. पांढरी, हिरवट किंवा पोकळ असेल तर काम बंद आहे. ज्या भागात चांदीयुक्त औषध वापरले आणि ज्या भागात वापरले नाही, अशा दोन्ही ठिकाणची झाडे शेजारी ठेवून तुलना करावी.

दुसरी परीक्षा सुती कापडाची. शंभर टक्के सुती जुन्या धोतराचे वीतभर लांबी-रुंदीचे तुकडे कापावेत. तपासायच्या दोन्ही जागी प्रत्येकी तीन-चार तुकडे १० सेंटिमीटर खोल पुरून खुणेची काठी रोवावी. ओलावा दोन्हीकडे सारखा राहील हे पाहावे. सहा ते आठ आठवड्यांनी तुकडे काढावेत. जिवंत जमिनीत कापडाची चाळण होते. ज्या जमिनीत कामकरी कमी, तेथे ते बरेचसे शाबूत निघते. कापड पोटात घेणारी जमीन शेणखतही तसेच पचविते, हे ध्यानात घ्यावे.

या दोन्ही परीक्षांना पैसे लागत नाहीत. फरक ठळक दिसला तर त्याची नोंद वहीत करून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावी.

समारोप

रोग आला की औषध हवे, याबद्दल दुमत नाही. परंतु पिकाच्या पानावरील औषध आणि जमिनीच्या पोटात जाणारे औषध यांत फरक केला पाहिजे. जिवाणू संवर्धनाचे पाकीट थोड्या पैशांत मिळते आणि त्यातील जिवाणू हंगामभर विनामजुरी राबतात. एका हाताने ते पाकीट बियाण्याला चोळायचे आणि दुसऱ्या हाताने त्यावर चांदी ओतायची, यात दोन्ही खर्च वाया जातात. चांदी जमिनीत एकदा गेली की ती वेचून काढता येत नाही. येत्या पेरणीच्या वेळी बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी तिचे लेबल वाचा, एवढीच आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.